बेघर क्यूबर्ट आणि नाट्यशास्त्रांतील प्रकरी

आपल्या प्राचीन नाट्यशास्त्रकारांनीं कथावस्तु सिद्धीस नेणाऱ्या ज्या पांच अर्थप्रकृति सांगितल्या आहेत, त्या बीज, बिंदु, पताका, प्रकरी आणि कार्य या होत. पैकीं पताका आणि प्रकरी ही जोडी विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मुख्य कथेच्या बरोबरीनें दूरवर चालत जाणारें जें उपकथानक, ती पताका. रामकथेंतील सुग्रीवाचा वृत्तांत हें तिचें नेहमींचें उदाहरण. उलटपक्षीं, थोडा वेळ येऊन, आपलें काम करून निघून जाणारा जो लहानसा प्रसंग, ती प्रकरी; तिच्या उदाहरणादाखल जटायूचें नांव घेण्याची चाल आहे. प्रकरीचें लक्षण सांगतांना भरतमुनींनीं मार्मिकपणें म्हटलें आहे कीं, तिचें फल तिचें स्वतःचें नसतें, तें केवळ दुसऱ्याकरितां असतें. सुग्रीवास राज्य मिळालें, पत्नी परत मिळाली. जटायूस कांहींच मिळवावयाचें नव्हतें. सीतेस कोणी नेलें व कोणत्या दिशेस नेलें, एवढें सांगून त्यानें प्राण सोडला. पण तेवढें तो न सांगता तर रामास पुढची वाट सांपडती ना.

हें शास्त्र आज आठवण्यास निमित्त झालें आहे तें एका अमेरिकन ॲनिमेशनपटाचें. अशा चित्रपटांत जुन्या खेळांतील ओळखीचीं पात्रें क्षणभर पाहुण्यासारखीं येऊन जातात, आणि तीं दिसलीं कीं घरांतील मुलेंच नव्हे, चाळिशी उलटलेले त्यांचे आईबापही आनंदानें एकमेकांस खुणा करतात. या आनंदास बाध आणण्याची माझी इच्छा नाहीं. परंतु पाहुणा कशाकरितां आला, नुसता मिरविण्याकरितां कीं कांहीं हातभार लावण्याकरितां, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रेक्षकास आहे. आणि त्याचें उत्तर देण्यास प्रकरीइतकी चोख कसोटी दुसरी नाहीं.

चित्रपटाचें नांव ‘रेक-इट राल्फ’. वॉल्ट डिस्ने ॲनिमेशन स्टुडिओज या संस्थेनें तो २०१२ सालीं प्रसिद्ध केला. दिग्दर्शक रिच मूर. कथा घडते ती एका आर्केडांत, म्हणजे नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या दुकानांत. दिवसां मुलें येऊन खेळतात. रात्रीं दुकान बंद झालें म्हणजे यंत्रांतील पात्रें कामांतून मोकळीं होतात, आणि विजेच्या तारांमधून गाडींत बसून एका भव्य स्थानकावर जमतात. हें स्थानक म्हणजे, सर्व यंत्रांच्या तारा जींत खोंचलेल्या असतात ती साधी विजेची पट्टी होय! एखादें यंत्र जुनें झालें, बिघडलें, आणि दुकानदारानें त्याची तार काढली, कीं त्या खेळांतील पात्रांचें घर गेलें. वेळेवर पळून तीं स्थानकावर आलीं तर जीव वांचतो. पण घर राहत नाहीं आणि काम तर नाहींच नाहीं.

कथेचा नायक राल्फ हा एका कल्पित खेळांतील खलपुरुष. इमारत फोडणें हें त्याचें काम, आणि ती दुरुस्त करणें हें फेलिक्सचें. तीस वर्षें हा क्रम चालला. पदकें आणि मेजवान्या फेलिक्सच्या वांट्यास येतात. राल्फ रात्रीं विटांच्या ढिगाऱ्यावर झोंपतो. आपणांसही एक पदक मिळावें म्हणून तो स्वतःचा खेळ सोडून परक्या खेळांत शिरतो, आणि तेथून सर्व अनर्थास आरंभ होतो.

या कथेंत खऱ्या खेळांतील पात्रें पुष्कळ येतात. जपानांतील नामको या संस्थेनें १९८० सालीं काढलेल्या पॅकमॅनच्या खेळांतील क्लाइड नांवाचें भूत खलपात्रांच्या एका सभेचें अध्यक्षस्थान भूषवितें. त्या सभेस निन्टेंडोचा बाउझर आणि कॅपकॉमचा झांगीफ असे निरनिराळ्या पेढ्यांचे दुर्जन शेजारीं शेजारीं बसून आपापलीं दुःखें सांगतात. पॅकमॅन स्वतः फेलिक्सच्या मेजवानीस येऊन यथेच्छ खातो. सेगाचा सॉनिक स्थानकावरील फलकावरून सूचना देतो कीं, आपल्या खेळाबाहेर मरण आलें तर पुन्हां जन्म नाहीं. ही सूचना वरवर पाहतां विनोदाची वाटते. पण पुढील सारें संकट याच नियमावर उभें असल्यामुळें तेथें बीज पेरलें गेलें असें शास्त्रज्ञ म्हणेल.

या सर्व पाहुण्यांत मला जो सर्वांत थोर वाटला, तो मात्र स्थानकाच्या जमिनीवर भिकाऱ्यासारखा बसलेला आहे. त्याचें नांव क्यूबर्ट. नारिंगी रंगाचा, चेंडूसारखा वाटोळा, हात नसलेला, दोन पायांचा आणि सोंडेसारख्या लांब नाकाचा असा हा प्राणी. इंग्रजींत लिहितांना त्याच्या नांवांत ‘क्यू’ आणि ‘बर्ट’ यांच्यामध्यें एक चांदणी काढतात.

क्यूबर्टचा खेळ १९८२ सालीं गॉटलीब या अमेरिकन पेढीनें काढला. ही पेढी १९२७ सालीं शिकागो येथें स्थापन झालेली. उतरत्या फळीवरून गोळी सोडून खेळावयाच्या पिनबॉल यंत्रांबद्दल तिची मोठी ख्याति होती. क्यूबर्टचा खेळ वॉरन डेव्हिस यांनीं रचला आणि पात्रें जेफ ली या चित्रकारानें काढलीं. पडद्यावर ठोकळ्यांचा एक मनोरा दिसतो. वरच्या ओळींत एक, तिच्या खालीं दोन, असे करीत करीत सातव्या ओळींत सात, मिळून २८ ठोकळे. डच चित्रकार एशर याच्या, दृष्टीस भूल पाडणाऱ्या चित्रांवरून ही ठोकळ्यांची कल्पना लीला सुचली. क्यूबर्टनें या ठोकळ्यांवरून तिरप्या उड्या मारीत जावयाचें. ज्या ठोकळ्यावर पाय पडेल त्याचा रंग पालटतो, आणि सर्वांचा रंग पालटला कीं डाव जिंकला. मागें कॉइली नांवाचा सर्प लागलेला असतो, आणि स्लिक व सॅम हे दोन हिरवे खोडकर प्राणी केलेलें काम पुसून टाकीत हिंडतात. क्यूबर्टनें नाकांतून गोळ्या माराव्या अशी चित्रकाराची मूळ कल्पना होती, ती डेव्हिस यांनीं सोडून दिली. त्यामुळें त्या काळच्या अनेक खेळांच्या मानानें हा खेळ निःशस्त्र राहिला. पाय चालविणें आणि प्रसंगावधान राखणें एवढेंच त्याचें बळ.

त्याच्या वाणीची हकीकत तर व्याकरणाच्या अभ्यासकानें मुद्दाम ऐकावी अशी आहे. यंत्रांत कृत्रिम वाणी उत्पन्न करणारा एक विजेचा तुकडा बसविला होता. ध्वनियोजक डेव्हिड थील यांनीं त्याच्याकडून स्पष्ट इंग्रजी वाक्यें बोलवून घेण्याचा प्रयत्न केला. परंतु उच्चार इतके विचित्र निघूं लागले कीं शेवटीं कंटाळून त्यांनीं वर्णांची वाटेल तशी सरमिसळ करून टाकली. त्यामुळें शत्रूचा धक्का लागला कीं क्यूबर्ट एक अगम्य ओरड करतो, आणि त्याच्या डोक्यावर चिन्हांनीं भरलेला एक फुगा उमटतो. बिचाऱ्यानें शिवी हासडली आहे हें लहान मूलही ओळखतें, पण ती कोणती, हें कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. मनोऱ्यावरून तो खालीं पडला म्हणजे यंत्राच्या पेटींतून ‘धप्’ असा खराखुरा ठोका ऐकूं येई. त्याकरितां पिनबॉलच्या यंत्रांतील विजेचा ठोकाच आंत बसविलेला होता.

ज्यांत अर्थबोधाची शक्ति असते तें पद, असें नैयायिक म्हणतात. त्या कसोटीनें क्यूबर्टच्या मुखांतून एकही पद निघत नाहीं, केवळ वर्ण निघतात. तरीही त्याचा राग कळतो, भीति कळते, तक्रार कळते. ती कळते ती स्वराच्या चढउतारावरून. साहित्यशास्त्रांत यासच काकु असें नांव आहे. अर्थ पोंचण्यास शब्द लागतात हें खरें. पण शब्द हरपले तरी ऐकणाराची इच्छा असल्यास अर्थ पोंचतो, हेंही तितकेंच खरें.

या खेळाचीं सुमारें २५,००० यंत्रें खपलीं. क्यूबर्ट इतका लोकप्रिय झाला कीं १९८३ सालीं अमेरिकेच्या सीबीएस दूरचित्रवाणीवर ‘सॅटर्डे सुपरकेड’ या कार्यक्रमांत त्याच्या गोष्टी सुरू झाल्या. त्यांत त्यास तिकडील १९५० च्या सुमाराच्या शाळकरी तरुणाचा वेष चढविला, मैत्रीण दिली, आणि चक्क बोलावयासही लावलें. तो कार्यक्रम फार दिवस टिकला नाहीं. पेढीचें दैवही फिरलें. गॉटलीब ही तत्पूर्वींच कोलंबिया पिक्चर्स या चित्रपटसंस्थेच्या ताब्यांत गेली होती. १९८२ सालीं कोलंबिया स्वतःच कोका-कोला कंपनीनें विकत घेतली. १९८३ सालीं गॉटलीबचें नांव बदलून मायलस्टार झालें, आणि १९८४ सालीं तें दुकानच बंद पडलें. पुढें १९८९ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें कोलंबिया घेतली, आणि तिच्याबरोबर क्यूबर्टही सोनीच्या घरीं गेला. ज्यांनीं त्यास घडविलें ते एकीकडे राहिले, आणि तो मात्र दप्तराच्या बासनांत बांधलेल्या कागदासारखा धन्यामागून धनी बदलीत राहिला.

आतां चित्रपटाकडे पुन्हां वळूं. राल्फ सभेहून परत येत असतां त्यास स्थानकावर क्यूबर्ट आणि त्याच्या खेळांतील मंडळी दिसतात. त्यांच्या यंत्राची तार निघाली आहे. गंमत अशी कीं, जन्मभर ज्याच्या मागें लागला तो कॉइली सर्प, आणि केलेलें काम पुसणारे ते स्लिक आणि सॅम, हे सर्व आतां क्यूबर्टच्याच शेजारीं मुकाट्यानें बसले आहेत. खेळ चालू होता तोंवर वैर होतें. खेळ संपला आणि सर्वांची पंगत एक झाली. राल्फ पॅकमॅनच्या खेळांतून आणलेलें चेरीचें एक फळ त्यांस देतो आणि पुढें जातो. राल्फ दुष्ट नाहीं हें प्रेक्षकास पहिल्यानें कळतें तें येथें, एका फळावरून.

यानंतर क्यूबर्टचें खरें काम येतें. राल्फ नाहींसा झाल्यामुळें त्याचा खेळ बिघडला असें समजून दुकानदार यंत्र बंद करण्याच्या बेतांत आहे. सर्व इमारतवासी घाबरले आहेत. राल्फ कोठें गेला हें कोणासच ठाऊक नाहीं. अशा वेळीं धापा टाकीत येतो तो क्यूबर्ट. राल्फ खेळ सोडून गेला ही वार्ता तो आपल्या अगम्य बोलींत सांगतो. इतरांस एक अक्षर कळत नाहीं. पण फेलिक्सनें ती बोली शिकून घेतलेली असते! तो अडखळत कां होईना तिच्यांत बोलतो, उत्तर समजून घेतो, आणि राल्फच्या शोधास निघतो. जटायूच्या तोंडून दिशा कळावी आणि रामानें दक्षिणेस पाऊल टाकावें, तसेंच हें झालें. पंख तुटलेल्या पक्ष्यास आणि घर गेलेल्या क्यूबर्टास जें ठाऊक होतें, तें धडधाकट मंडळींपैकीं एकासही ठाऊक नव्हतें. कारण उघड आहे. ज्यास कोठेंच जावयाचें नसतें तो वाटेवर बसून सर्वांचें येणेंजाणें पाहत असतो.

म्हणून मी यास उत्तम प्रकरी म्हणतों. ते दोन प्रसंग काढून टाका, आणि पहा काय होतें तें. पहिला काढला तर राल्फच्या मनाची ओळख पटत नाहीं. दुसरा काढला तर फेलिक्स जागचा हालत नाहीं आणि कथा तेथेंच खुंटते. एखाद्या पात्रास काढून पाहावें, आणि कथा लंगडली तर तें पात्र उपयोगाचें, न लंगडली तर तें शोभेचें, अशी ही सोपी परीक्षा कोणासही घरीं बसून करतां येईल.

या परीक्षेचा उलटा दाखला तीन वर्षांनीं मिळाला. २०१५ सालीं खुद्द कोलंबियानेंच ‘पिक्सेल्स’ नांवाचा बोलपट काढला. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस. हा केवळ ॲनिमेशनचा नव्हे. त्यांत माणसें खरीं आणि खेळांतील पात्रें यंत्रानें चितारलेलीं आहेत. परग्रहवासी जुन्या खेळांचीं रूपें घेऊन पृथ्वीवर चाल करतात, आणि एक डाव माणसांनीं जिंकल्यावर बक्षीस म्हणून क्यूबर्टास त्यांच्या स्वाधीन करतात. येथें त्यास आधींहून किती तरी अधिक वेळ पडद्यावर मिळाला, आणि तो माणसासारखा स्पष्ट इंग्रजी बोलूंही लागला. परंतु अखेरीस एका पुरुषाची हौस पुरविण्याकरितां त्याचें रूपांतर एका सुंदर स्त्रींत होतें, आणि क्यूबर्ट म्हणून त्याचें कांहीं उरतच नाहीं! वेळ वाढला, वाणी स्पष्ट झाली, आणि व्यक्तित्व मात्र हरपलें. ज्याच्या घरचें पात्र त्यानें त्याचें खेळणें केलें. ज्यानें पाहुणा म्हणून बोलावलें त्यानें मान राखला. व्यवहारांतही हें आपण पाहतोंच.

कोणी म्हणेल कीं, हीं पाहुण्या पात्रांचीं दर्शनें म्हणजे एकमेकांच्या मालाची जाहिरात आहे. प्रत्येक पेढीची परवानगी, तिच्या अटी आणि तिचे नफे यांचा हा सौदा आहे. त्यांत नीतीचें तत्त्व कशास शोधावें? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. क्यूबर्टास डिस्नेच्या चित्रांत बसविण्यास त्याच्या धन्याची संमति लागली असणारच. पण राजाश्रयाकरितां लिहिलें गेलें म्हणून संस्कृत नाटक टाकाऊ ठरत नाहीं. सौद्यानें पात्र दारापर्यंत येतें. आंत आल्यावर त्यास कोठें बसवावें हें लेखकाचें काम, आणि त्याचा गुणदोष आपण निराळा पाहिला पाहिजे.

चित्रपटाच्या शेवटाकडे मला विशेष लक्ष वेधावयाचें आहे. राल्फ आपल्या खेळांत परत येतो, आणि तो व फेलिक्स मिळून स्थानकावरील त्या बेघर मंडळींस आपल्याकडे आणतात. त्यांस राहावयास घरें मिळतात, आणि मुख्य म्हणजे खेळाच्या जादा डावांत काम मिळतें. क्यूबर्ट पुन्हां उड्या मारूं लागतो. आरंभीं फळ दिलें, शेवटीं काम दिलें. या दोहोंमध्यें जें अंतर आहे, तेंच मला या कथेचें मर्म वाटतें. फळानें एका वेळची भूक भागते, आणि देणाराचें मन प्रसन्न होतें. घेणारा मात्र होता तेथेंच जमिनीवर बसून राहतो. काम दिलें म्हणजे तो उठून उभा राहतो.

ही गोष्ट अमेरिकेंतील चित्रांतल्या बाहुल्यांची म्हणून सोडून द्यावी अशी नाहीं. आपल्या प्रत्येक घरांत, आज ना उद्यां, कोणाची तरी तार निघतेच. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबांतील आजीबाईंस अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाणीही गेली. तोंडांतून निघत ते नुसते तुटक वर्ण. घरचीं माणसें सुशील. औषधपाणी वेळेवर, जेवण ऊन ऊन, अंथरूण स्वच्छ. पण त्या कांहीं सांगूं लागल्या कीं सूनबाई मायेनें म्हणत, “नको, सासूबाई, श्रम करूं नका, स्वस्थ पडा.” त्यांचें बोलणें समजून घेई ती फक्त आठ वर्षांची नात. तिनें शाळेच्या पाटीवर कांहीं खुणा लिहून ठेवल्या होत्या: अमुक आवाज म्हणजे पाणी, तमुक म्हणजे खिडकी, आणि एक लांबट हुंकार म्हणजे “मला द्या.” काय द्या, हें कोणासच उमगेना. एके दिवशीं ताटांत निवडावयाचे तांदूळ घेऊन सूनबाई जवळ बसल्या असतां तोच हुंकार निघाला, आणि नात म्हणाली, “आई, आजीला ताट हवें आहे!” ताट पुढें सरकविलें. आजीबाई डाव्या हातानें एक एक खडा बाजूस काढूं लागल्या. एक वाटी तांदूळ निवडण्यास त्यांस तासाहून अधिक वेळ लागला. त्या घरीं तेव्हांपासून रोज एक वाटी तांदूळ त्यांच्याकरितां राखून ठेवतात. त्या वाटीवांचून घराचें कांहीं अडत नाहीं असें कोणी म्हणूं नये. त्या दिवसापासून आजीबाई रात्रीं झोंपूं लागल्या, असें सूनबाईंनींच मला सांगितलें.

म्हाताऱ्या माणसांस घरांत अन्न मिळतें, वस्त्र मिळतें, नमस्कारही मिळतो. आणि या तिन्ही गोष्टींबद्दल आपल्या समाजास अभिमान वाटावा हें योग्यच आहे. पण ज्या मनुष्यानें तीस-चाळीस वर्षें शाळेंत, कचेरींत अथवा स्वयंपाकघरांत आपला डाव खेळला, त्यास केवळ चेरी देऊन भागत नाहीं. त्याच्यापाशीं वाटेवर बसून पाहिलेल्या पुष्कळ गोष्टी असतात. त्यांपैकीं एखादी आपल्या नेमकी गरजेची असते, आणि ती सांगण्याची भाषा मात्र जुनी, अडखळणारी, कधीं कधीं रागीटही असते. फेलिक्सजवळ मोडलेलें तत्काळ दुरुस्त करणारी जादूची हातोडी होती. पण राल्फचा पत्ता त्यास हातोडीनें लागला नाहीं, तो लागला शिकून ठेवलेल्या एका निरुपयोगी दिसणाऱ्या बोलीनें.

सुट्टींत मुलांसमवेत हा चित्रपट पाहण्याचा योग आला, तर क्यूबर्ट पडद्यावर येतांच “हा पाहा जुना खेळ” एवढेंच सांगून थांबूं नये. तो काय सांगावयास आला, तें फेलिक्सला कसें कळलें, आणि पुढें त्यास काय दिलें, हे तीन प्रश्न मुलांस विचारावे. उत्तरें मुलें बरोबर देतील. त्यानंतर चौथा प्रश्न मोठ्यांनीं आपल्या मनाशीं विचारावा: आपल्या घरांत निवडावयाची वाटी कोणापुढें ठेवावयाची राहून गेली आहे?